आपल्या बिलातला वकील कुणाचा?

दाभोळच्या धक्क्यावरून वाशिष्ठीपलीकडे पाहिलं की अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो. नाव दाभोळचं, जागा मात्र गुहागर तालुक्यातली. दाभोळ गाव खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या या प्रकल्पाचे करार झाले तेव्हा घरगुती वीजग्राहकाच्या बाजूने बोलणारं कुणीही त्या बैठकीत नव्हतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा ग्राहकांसाठी कायद्याने नेमलेला पगारी वकील असतो. तो कंपनीच्या दरवाढीविरुद्ध उभा राहतो, हिशेब मागतो, कोर्टात जातो. असा माणूस महाराष्ट्रात हवा का? की सरकारने नेमलेला माणूस शेवटी सरकारचाच होतो, म्हणून ग्राहकाने आपल्या संघटनेवरच भिस्त ठेवावी?

या प्रश्नावर दाभोळातल्या एका घरात काका-पुतणीचं जुळत नाही. काका वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आहेत. पुतणी दापोलीला ग्राहक चळवळीत काम करते, लोकांची बिलं आणि तक्रारी घेऊन कार्यालयांत जाते. दोघांच्या बाजू इथे मांडल्या आहेत. शेवटी माझं मत सांगितलं आहे.

काका : हे बिल हातात घे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. शुल्क सरकार ठरवतं. बाकीचे आकार वीज नियामक आयोगापुढे ठरतात. तिथे कंपनी शेकडो पानांची याचिका घेऊन जाते. सोबत सल्लागार, हिशेबनीस, वकील. आता सांग, त्या वकिलाची फी कोण देतं?

पुतणी : कंपनी देते.

काका : कंपनी कुठून देते? तो प्रशासकीय खर्च म्हणून आयोगाकडे मंजुरीला जातो आणि मंजूर झाला की याच आकारांत येऊन बसतो. म्हणजे दरवाढ मागणाऱ्या वकिलाची फी आपण भरतो, आणि दरवाढ का नको हे सांगणाऱ्याची फी भरायची सोय कुठेच नाही. अगो, तीस-बत्तीस वर्षं मंडळाचे हिशेब लिहिले मी. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आलं.

पुतणी : फी कुणी द्यायची एवढाच प्रश्न असता तर मी तुमच्याशी वाद घातलाच नसता, काका. नेमायचं कुणी, हा प्रश्न आहे. पलीकडे बघा. जून १९९२ च्या मध्याला एन्रॉनचे अधिकारी भारतात आले आणि २० जूनला वीज मंडळाने सामंजस्य करारावर सही केली. आठवडासुद्धा गेला नाही. निविदा नाही, दुसऱ्या कुणाचा भाव मागवला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला. त्यातली अट अशी की मंडळाने वीज घेवो न घेवो, प्रकल्प तयार असला की त्याचा स्थिर आकार भरायचाच, आणि तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. मंडळाने थकवलं तर राज्याची हमी, राज्याने थकवलं तर केंद्राची प्रतिहमी. करार गोपनीय. सही सरकारची, हमी सरकारची, कागद दडवणारंही सरकार. त्याच सरकारने नेमलेला ग्राहकांचा वकील तोंड उघडणार होता का?

काका : तू म्हणतेस ते घडलं, आणि मी मंडळात असताना घडलं. पण त्याच वेळची दुसरी गोष्ट ध्यानात घे. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. कारणही लेखी कळवलं होतं : आयात केलेल्या द्रवरूप वायूवरची ही वीज महाग पडेल आणि राज्याला पेलणार नाही इतकी क्षमता एकदम उभी राहील. म्हणजे गणित चुकतंय हे मुंबई-दिल्लीत माहीत होतं. माहीत नव्हतं ते आपल्याला. ‘बँकेचं पत्र पटलावर ठेवा, त्याला उत्तर द्या, मग सही करा’ असं म्हणायचा हक्क ज्याला कायद्याने आहे, असा एकही माणूस तेव्हा राज्यात नव्हता. सरकार वाईट होतं, हे मान्य. पण ग्राहकाच्या वतीने कागद मागायची खुर्चीच नव्हती, हे त्याहून वाईट होतं.

पुतणी : खुर्ची नव्हती तरी माणसं बोललीच ना? पुण्याच्या ‘प्रयास’चे गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी १९९५ सालीच प्रकल्पाचं सगळं तांत्रिक आणि आर्थिक गणित मांडून दाखवलं. प्रद्युम्न कौल, अभय मेहता यांनी कागद खणून काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. इथल्या वेलदूरच्या, रानवीच्या, अंजनवेलच्या लोकांनी मोर्चे काढले, तुरुंग पाहिला. जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले आणि बायकांना मारहाण झाली. ‘ह्युमन राइट्स वॉच’ने जानेवारी १९९९ च्या अहवालात ते जगापुढे ठेवलं. यांच्यातल्या कुणालाही सरकारने नेमलं नव्हतं. पगार नव्हता म्हणूनच ते बोलू शकले, असं मी म्हणते.

काका : आणि पुढे काय झालं? तेही तूच सांग.

पुतणी : ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला.

काका : आणि १९९६ उजाडताच पुन्हा वाटाघाटी करून तोच जिवंत केला. आधीच्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता. नव्या करारात दोन्ही टप्पे गळ्यात आले, मिळून २,१८४ मेगावॅट. डिसेंबर १९९६ मध्ये अभय मेहतांची आणि ‘सीटू’ या कामगार संघटनेची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. फेरवाटाघाटीत युनिटला १ रुपया ८६ पैसे असं सांगितलं होतं. २०००-०१ मध्ये काही महिन्यांत मंडळाला ती वीज ७ रुपयांच्या वर पडली. का, तर स्थिर आकार ठरलेला. वीज कमी उचलली की तोच बोजा थोड्या युनिटांवर पडतो. त्यात करार झाला तेव्हा ३१-३२ रुपयांचा डॉलर ४६-४७ वर गेलेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. त्याच वर्षी या प्रकल्पाच्या फेरतपासणीसाठी नेमलेल्या माधव गोडबोले समितीने अहवालात जे म्हटलं, ते ‘प्रयास’ने सहा वर्षं आधी आकडे मांडून सांगितलं होतं. तुझी माणसं खरी होती. पण खरं बोलणाऱ्याचं ऐकायला जो बांधील आहे असा कुणी समोर नसेल, तर त्या खरेपणाचा उपयोग फक्त नंतरच्या चौकशी अहवालाला होतो.

पुतणी : म्हणून तुम्ही अमेरिकेचं उदाहरण देता. एन्रॉन तिथलीच होती, हे विसरू नका.

काका : विसरत नाही. तिथेही लोक ठेचा खाऊनच हे शिकले. मेरीलँड राज्याने १९२४ सालीच ग्राहकांचा वकील नेमला. तो तिकडचा सर्वांत जुना. बाकीची राज्यं जागी झाली ती १९७० च्या दशकात. तेल भडकलं, विजेची आणि गॅसची बिलं भडकली, आणि लोकांच्या लक्षात आलं की नियामक मंडळापुढे कंपन्यांच्या बाजूला वकिलांची रांग आहे आणि घरवाल्यांच्या बाजूला कुणी नाही. ओहायो राज्याने १९७६ साली कायदा करून ग्राहकांच्या वकिलाचं स्वतंत्र कार्यालय काढलं. अशिल एकच : घरगुती ग्राहक. वीज, गॅस, टेलिफोन, पाणी; कुणीही दर वाढवायला आला की हे कार्यालय पक्षकार होणार. कंपनीचे कागद मागणार, साक्षीदाराची उलटतपासणी घेणार, आपले तज्ज्ञ उभे करणार, निकाल पटला नाही तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार. वर नऊ जणांचं मंडळ : तीन कामगार संघटनांचे, तीन शेतकऱ्यांचे, तीन घरगुती ग्राहकांचे. तो वकील हे मंडळ नेमतं. राज्यपालही नाही, ऊर्जा खातंही नाही. आणि पैसा येतो तो कंपन्यांवर बसवलेल्या आकारणीतून. मघाशी मी फीचं म्हटलं ना? त्यांनी एवढंच केलं. दोन्ही बाजूंचा खर्च बिलातून निघतो, तर दोन्ही बाजूंना वकील मिळो.

पुतणी : छान. आता त्याच ओहायोची पुढची हकीकत ऐका. २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळाने या कार्यालयाच्या पैशाला मोठी कात्री लावली, आणि कायदाच केला की ग्राहकांचे फोन घेण्याचं केंद्र या कार्यालयाने चालवायचं नाही. ग्राहकाच्या वकिलाने ग्राहकाचा फोन घ्यायचा नाही! २०१९ मध्ये त्याच विधिमंडळाने अणुवीज प्रकल्प वाचवण्याच्या नावाखाली एक अब्ज डॉलरहून जास्त बोजा ग्राहकांच्या बिलावर टाकणारा कायदा केला. पुढे उघड झालं की त्यासाठी वीज कंपनीकडून सुमारे ६ कोटी डॉलर वळवले गेले होते. सभागृहाचा अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर २०२३ मध्ये दोषी ठरला, वीस वर्षांची शिक्षा झाली. ग्राहकांचा पगारी वकील तेव्हाही खुर्चीत होताच. त्याने काय अडवलं?

काका : त्याने विरोध केला आणि तो नोंदीवर राहिला. लाच देऊन कायदा होतो तेव्हा तो अडवणं पोलिसांचं काम आहे, वकिलाचं नाही. पण कात्रीचं तू म्हणतेस ते मला लागलं. ज्याच्या हातात पैशाची नाडी, त्याच्या हातात आवाज. ते मी नाकारत नाही.

पुतणी : मग आपल्याकडचा अनुभव बघू या. राज्य वीज नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. मंडळाचा पहिला दरप्रस्ताव आयोगापुढे आला आणि जनसुनावण्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी मंडळाला तोंडावर हिशेब विचारला. त्या सुनावणीत पगारी वकील कुठे होता?

काका : ती सुनावणी मला पाठ आहे, कारण उत्तरांचे तक्ते आमच्या खात्यातून जात होते. गळतीची गोष्ट तर मी कुणालाही समजावून देईन. कृषिपंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर बिल. मग पंपांनी किती युनिट खाल्ले? अंदाज. समज, उदाहरणादाखल, तारेत १०० युनिट सोडले. मीटरवर ५५ चं बिल झालं. गळती १८ दाखवायची असेल तर उरलेले २७ पंपांच्या नावावर टाकायचे. शेतकरी बदनाम, चोरी झाकली, आणि कागदावर मंडळ कार्यक्षम. कितीतरी वर्षं गळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवली जात होती. सुनावणीत ‘प्रयास’च्या लोकांनी पंपाची अश्वशक्ती, चालण्याचे तास, पिकाखालचं क्षेत्र यांचा मेळ घालून विचारलं, एवढी वीज पंपांनी खाल्ली कधी? आकडा कोसळला. गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. शेतीच्या नावाखाली लपलेली चोरी उघड्यावर आली.

पुतणी : मग? काम संघटनेने केलं. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

काका : अर्धं. तोच ‘प्रयास’, तेच गणिती. १९९५ मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांना उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं, ते हरले. २००० मध्ये मंडळाला उत्तर द्यावं लागलं, ते जिंकले. मधल्या काळात कायदा झाला आणि उत्तर मागायची जागा तयार झाली. त्या सुनावणीनंतरच्या आदेशात आयोगाने मंडळाला बजावलं : स्वस्त वीज आधी घ्या, महाग नंतर. दाभोळची वीज रांगेत मागे गेली ती त्या शिस्तीने. माणसं तुझी, पण बळ कायद्याचं.

पुतणी : हे मान्य. पण तुमच्या कायद्याचंही काय झालं बघा. १९९८ च्या कायद्याच्या २६ व्या कलमानुसार आयोगाने ग्राहकांचा प्रतिनिधी नेमायलाच हवा होता. २००३ च्या वीज कायद्याच्या ९४ व्या कलमात ते आयोगाच्या मर्जीवर आलं. तरी महाराष्ट्राच्या आयोगाने चार संस्थांना अधिकृत ग्राहक प्रतिनिधी मानलं : मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. हे चांगलंच झालं. सरकारचा एकही माणूस न नेमता काम चाललं.

काका : अगो, चारांतल्या दोन कुणाच्या? कारखानदारांच्या. त्या लढतात, चांगल्या लढतात, पण कारखान्याचा दर कमी करा म्हणजे कुणाचा वाढवा? घरगुती आणि शेतीच्या सवलतीचा बोजा उद्योगांवर असतो. तो उतरवा ही त्यांची रास्त मागणी. पण तो उतरेल तो आपल्या अंगावर. एकाच टेबलावर दोन उलट्या हितांना ‘ग्राहक’ म्हणून बसवलं. घरवाल्यांसाठी उरल्या दोन संस्था. ग्राहक पंचायत १९७५ पासून लोकांच्या बळावर उभी आहे, वर्गणी आणि स्वयंसेवक. आणि ‘प्रयास’? गिरीश संत २०१२ मध्ये पन्नाशीच्या आतच गेले. त्या उंचीचा अभ्यासक राज्याला पुन्हा सहज मिळाला का? कोट्यवधी घरांची बाजू मूठभर माणसांच्या तब्येतीवर आणि निष्ठेवर टांगून ठेवायची, हे मला पटत नाही. कंपनीचा वकील आजारी पडला तर दुसऱ्या दिवशी नवा येतो.

पुतणी : बरं, मग दाभोळच्या माणसाचं काय? तुमचा तो मोठा वकील मुंबईत बसून हजार कोटींच्या गोष्टी करेल. माझ्याकडे येणारी म्हातारी म्हणते, मीटर बंद पडलाय, चार महिने सरासरी बिल येतंय, घरात दोन दिवे आणि एक पंखा, आणि बिल भरलं नाही म्हणून वायर काढायची नोटीस. तिच्यासाठी मी काय करते? आधी जुनी बारा बिलं शोधायला लावते, ट्रंकेतून, कपाटाच्या कागदाखालून. चालू रीडिंगचा फोटो तारखेसकट. मग अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच शिक्का. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं होतं. तिथे भागलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं, मंचाने साठ दिवसांत निकाल द्यायचा, पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे. ही पायरी लोकांना माहीतच नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडची गावं किती दिवस अंधारात होती, आठवतं ना? खांब झोपले, वायरमन बिचारे दिवसरात्र राबले. पण त्या काळातली वापर नसताना आलेली बिलं कमी करून घ्यायला किती जण गेले? हे काम शेजारची माणसं करतात. कार्यालयं करत नाहीत.

काका : खरं आहे. ते काम तुमचंच. पण म्हातारीच्या बिलात चुकीचं रीडिंग दुरुस्त होईल. बिलातला दर दुरुस्त होणार नाही. तो नवी मुंबईतल्या सुनावणीत ठरतो. कोकण विभागाची सुनावणी बहुतेक वेळा तिथेच ठेवतात, रत्नागिरीत नाही. इथून जायचं तर रात्रभराचा प्रवास, आणि बोलायला मिळतात काही मिनिटं. शिवाय दाभोळचं ओझं संपलेलं नाही. एन्रॉन गेली, २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी उभी केली, प्रकल्प पुन्हा सुरू झाला. मग देशी वायू आटला. आयात वायूवर आम्ही वीज द्यायला तयार आहोत, म्हणून स्थिर आकार द्या, असं कंपनीचं म्हणणं. आम्ही तो महाग वायू मान्यच केला नाही, असं वीज मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणचं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महावितरणचं अपील फेटाळलं गेलं. वीज न घेताही स्थिर आकार द्यायचा, हीच तर १९९३ ची अट होती. तीस वर्षांनी तीच गोष्ट. त्या खटल्यात दोन कंपन्या होत्या. हरली ती महावितरण, पण भरणार कोण? घरगुती ग्राहक म्हणून स्वतंत्रपणे उभा राहणारा कुणी हवा होता की नाही?

पुतणी : हवा होता. आणि मीच एक भर घालते. मार्च २०२५ च्या अखेरीला आयोगाने महावितरणचा दरआदेश काढला, काही दिवसांत आयोगानेच त्याला स्थगिती दिली आणि २५ जूनला फेरआदेश काढला. पहिल्या आदेशाआधी सुनावण्या झाल्या होत्या. दुसऱ्याआधी आम्हाला ऐकूनच घेतलं नाही, हा ग्राहकांचा आक्षेप. संघटनांना असं बाजूला ठेवता येतं, कारण त्या आमंत्रित आहेत, हक्काच्या पक्षकार नाहीत. इथे मला तुमची खुर्ची पटते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात ग्राहकाला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे असं म्हटलं. पण तो हक्क कसा वापरायचा हे नियमांवर सोडलं. हक्क बजावणारा कायमचा माणूस हवा.

काका : मग भांडण संपलं.

पुतणी : नाही. माझ्या अटी ऐका. एक, हा वकील ऊर्जा खात्याने नेमायचा नाही. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, विरोधी पक्षनेता आणि ग्राहक संघटनांचे प्रतिनिधी यांच्या समितीने नेमायचा, पाच वर्षांसाठी. मध्येच काढता येणार नाही. दोन, त्याचा पैसा दरवर्षी अर्थसंकल्पात मागायचा नाही. युनिटमागे ठरावीक आकारणी कायद्यातच लिहायची, म्हणजे ओहायोसारखी कात्री सहज लावता येणार नाही. तीन, निवृत्त वीज अधिकाऱ्यांची सोय म्हणून ते पद वापरायचं नाही.

काका : हे माझ्याकडे बघून म्हणतेस?

पुतणी : तुमच्याकडे बघून नाही, काका, पण म्हणतेच. चार, याचिकेचा सारांश, त्याचे आक्षेप, त्याचे अहवाल सगळं मराठीत आणि सगळ्यांना खुलं. पाच, सुनावणी जिल्ह्याजिल्ह्यात. आणि सहावी अट सगळ्यांत मोठी : तो आला म्हणून आमचा बोलण्याचा हक्क जाणार नाही. ‘ग्राहकांचा वकील आहे ना, तुम्ही कशाला?’ असं आयोगाने एकदा जरी म्हटलं, तरी ती खुर्ची लोकांच्या विरोधात वापरली गेली असं मी धरीन.

काका : सहाव्या अटीवर माझी सही घे. तिसरीवरही. पहिलीबद्दल मात्र शंका आहे. समित्या नेमणुका रखडवतात, आयोगातलीच पदं रिकामी राहतात ते आपण पाहतो. त्यापेक्षा ओहायोसारखं मंडळ बरं, ज्यात शेतकरी, कामगार आणि घरगुती ग्राहक थेट बसतील.

पुतणी : ते चालेल. पण त्या मंडळावर इथलं कुणीतरी हवं. ज्यांच्या दारात प्रकल्प येतात, त्यांच्यातलं.

दोघांचं म्हणणं इथवर आलं. आता माझं.

पुतणीने मांडलेलं भय खरं आहे. या खाडीच्या दोन्ही काठांवर सरकार ग्राहकाच्या बाजूने उभं राहिल्याची आठवण कुणाकडे नाही. वेलदूरच्या घरांत तर उलट आठवण आहे. संघटना नसत्या तर गळतीचा खोटा आकडा आजही चालला असता. तरीही काकांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. दाभोळचं गणित चुकतंय हे १९९३ मध्ये जागतिक बँकेला कळलं होतं, १९९५ मध्ये पुण्यातल्या तरुण अभियंत्यांना कळलं होतं. कळण्याची वाण नव्हती. ज्याला उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारणारा नव्हता. म्हणून महाराष्ट्राने घरगुती वीजग्राहकांचा वकील कायद्याने नेमावा, पुतणीच्या अटींसकट नेमावा, आणि ग्राहक संघटनांना त्याच्या मंडळावर हक्काची जागा द्यावी. कर्नाटकात आणि हिमाचल प्रदेशात आयोगांनी या वाटेवर आपापल्या परीने पावलं टाकली आहेत. ज्या राज्याने एन्रॉनची किंमत मोजली, त्याने मागे राहण्याचं कारण नाही.

पैसे कुठून आणायचे, असं कुणी विचारील. महावितरण वर्षाला एक लाख दशलक्ष युनिटांहून जास्त वीज विकते. युनिटमागे एका पैशाचा फक्त दहावा हिस्सा बाजूला काढला तरी वर्षाला १० कोटी रुपये उभे राहतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला त्याचा भार पडेल १० पैसे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक काम प्रत्येकाच्या हातात आहे. दरवाढीची याचिका दाखल झाली की तिची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, हरकती पाठवायची तारीख तिच्यात असते आणि हरकत मराठीत लिहिता येते. पुढची सूचना आली की आपल्या बिलाची प्रत जोडून एका पानाची हरकत पाठवा, आणि तिच्यात शेवटी एक ओळ नक्की लिहा : घरगुती ग्राहकांसाठी कायद्याने स्वतंत्र वकील नेमा.